दासगावची गार खोली

महाडच्या बाजारपेठेत औषधांचं दुकान चालवणाऱ्या चारुशीलाला संशय घ्यायची सवय होती, आणि त्या धंद्यात ती सवय चांगलीच. डॉक्टरची चिठ्ठी ती दोनदा वाचायची, बाटलीवरची मुदत उजेडात धरून बघायची, आणि मित्रासाठी म्हणून झोपेच्या गोळ्या मागणाऱ्याला सरळ वाटेला लावायची. तिचा नवरा वीज कार्यालयात अभियंता होता. पन्नाशी उलटली तरी सगळं गाव त्याला बाळच म्हणायचं, आणि तोही त्यात खूश असायचा. तो म्हणायचा, हिला देवाचं तीर्थ दिलं तरी ही आधी त्याचा वास घेईल.

त्या वर्षी मार्गशीर्षात तिला पहिला संशय आला तो मलमांवरून. भातं झोडून झाली की पोलादपूरच्या बाजूचे शेतकरी दरवर्षी तिच्या दुकानाची पायरी चढत. लावणी, कापणी, झोडणी अंगावर काढलेली असायची. ज्याचं जे दुखेल त्याचं मलम तो घेऊन जायचा. यंदा मलमांची खोकी आली तशी पडून होती. डासांच्या अगरबत्त्याही खपत नव्हत्या. डास कमी झालेत म्हणावं, तर रोज संध्याकाळी तिचे स्वतःचे पाय ते फोडून काढत होते. बाळ म्हणाला, लोक बरे झाले तर तुझ्या का पोटात दुखतंय? ती हसली, पण डोक्यातला किडा काही वळवळायचा थांबला नाही.

मग एक दिवस दासगावची बयाबाई आली. सुकी मासळी विकणारी ही म्हातारी गेली कितीतरी वर्षं कमरेत वाकलेली होती. पायरी चढताना ती प्रत्येक पायरीला एक शिवी द्यायची आणि आत आल्यावर सगळ्या जगाची चौकशी करायची. त्या दिवशी ती ताठ चालत आली, नातवासाठी खोकल्याचं औषध मागितलं आणि गप्प उभी राहिली. चारुशीलाने तोंडात बोटच घातलं. शेजारच्या हॉटेलातून नुकताच उकळता चहा आला होता, त्यातला अर्धा तिने नेहमीप्रमाणे बयाबाईला दिला आणि हे कसं झालं ते विचारलं.

दासगावात नदीकाठी बर्फाचा एक जुना कारखाना होता. पुराचं पाणी शिरलं तेव्हापासून तो बंदच पडला होता. तो आता धवल नावाच्या एका तरुणाने घेतला होता. मुंबईला काही वर्षं काढून परत आलेला पोरगा. आतल्या खोलीत तो माणसाला उभं करतो, हातमोजे न् पायमोजे घालून. खोलीत बर्फाहून कितीतरी गार असतं. थोडा वेळ उभं राहायचं, बाहेर यायचं, दुखणं गेलेलं असतं. बयाबाईने एवढं सगळं एका सुरात सांगितलं आणि चहा घेतला. फुंकर घातली नाही की बशीत ओतला नाही. वाफा निघणारा तो चहा तिने पाणी प्यावं तसा घशाखाली उतरवला.

"अगं, तोंड भाजलं ना."

"नाय," बयाबाई म्हणाली.

तिने दिलेली नोट घेताना तिची बोटं चारुशीलाच्या तळहाताला लागली. मासळीच्या टोपलीत रोज हात घालणारी बाई, हात गारच असणार, असं चारुशीलाने स्वतःला सांगितलं. पण तिने हात पदराला पुसला हेही खरं.

थंडीचे उपचार तिला नवे नव्हते. मोठ्या शहरांत खेळाडू अशा खोल्यांत जातात हे तिने वाचलं होतं. थंडीने सूज उतरते, नसा काही काळ बधिर होतात, माणसाला तरतरी येते. हे सगळं कबूल. पण झिजलेली कंबर एका फेरीत सरळ होत नाही. तिचं स्वतःचं उजवं मनगट शटर ओढून ओढून कामातून गेलं होतं. पट्टा बांधूनच ती दिवस काढायची, आणि शटर रोज बाळ वर करायचा. बाळ म्हणाला, तूही जाऊन ये की एकदा. ती म्हणाली, मेले तरी जाणार नाही.

दोन-चार दिवसांनी तिचे वडील आले.

दत्ताराम पोलादपूरजवळ कापड्याला राहायचे. घरची भातशेती, आणि बायको गेल्यापासून एकटा जीव. जन्मभर चिखलात उभं राहून त्यांचे गुडघे संपले होते. ऑपरेशनचं नाव काढलं की ते गुराखी बांधावरून ओरडतो तसे ओरडत. त्या दिवशी ते एस.टी.तून उतरून, कठड्याला हात न लावता दुकानाच्या पायऱ्या चढून आले. ते बघून चारुशीलाला रडूच फुटलं. दोन गिऱ्हाइकं समोर उभी असताना ती काउंटरवरून बाहेर आली आणि तिने बापाचे हात धरले.

हात गार होते.

शेजारचा सोनबा जाऊन आला, म्हणून आपणही गेलो, असं त्यांनी सांगितलं. तुला कशाला सांगायचं, तू नको म्हणाली असतीस. ते बरोबरच होतं. तिने त्यांना वर घरी नेलं, चहा टाकला, आणि गॅसवरून उतरवलेला चहा त्यांनी तसाच पिऊन टाकला. मग ते मुंबई-गोव्याच्या बसगाड्यांविषयी थोडं बोलले आणि उठले. निघाले तेव्हा कुठे चारुशीलाच्या लक्षात आलं काय राहिलं ते.

तिला समजायला लागल्यापासून बापाने तिला भेटल्यावर पहिला प्रश्न एकच केला होता. शाळेतून आली तरी, लग्नानंतर माहेरपणाला गेली तरी, रात्री फोन केला तरी. आई गेली त्या दिवशी अंगणात माणसं जमलेली असतानाही त्यांनी तेच विचारलं होतं. जेवलीस काय गो बाय? त्या प्रश्नाची ती चेष्टा करायची, त्याचा तिला कंटाळा यायचा. आज तो आलाच नाही.

"अण्णा," जिन्यातून खाली उतरणाऱ्या बापाला तिने हाक मारली. "मी जेवले नाही अजून."

"बरं," दत्ताराम म्हणाले आणि खाली गेले.

बाळने नेहमीप्रमाणे तिची समजूत घातली. म्हातारा माणूस, विसरला असेल. पण तिने एक काम सांगितलं ते मात्र त्याने केलं. दासगावच्या कारखान्याला वीज किती लागते ते बघून ये, म्हणाली. एवढी थंडी करायची तर मीटर पंख्यासारखं फिरायला हवं. नाहीतर द्रवरूप वायूचा टँकर यायला हवा, आणि गावात टँकर आलेला कुणी पाहिला नव्हता. बाळ संध्याकाळी बघून आला. तिथे दोन दिवे आणि एक पंखा चालेल एवढीच वीज जाते, म्हणाला. मीटर नीट आहे का, हे त्याने स्वतः तपासलं होतं.

"चोरी?"

"तार कुठूनच ओढलेली नाही. मी सगळीकडे बघितलं." आणि मग बाळ, जो कशाचीही थट्टा करतो तो बाळ, एवढंच म्हणाला की त्या कारखान्याच्या भिंतीला हात लावू नकोस.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः गेली. कारखाना नदीच्या अगदी कडेला होता, पुराच्या पाण्याची रेघ भिंतीवर अजून दिसत होती. धवल बाहेरच उभा होता. पातळ सदरा, नम्र चेहरा. त्याने तिचं मनगट पाहिलं आणि लगेच म्हणाला की मॅडम, तुमचं काम एका फेरीचं. ती म्हणाली की कापड्याचे दत्ताराम माझे वडील, इथे येऊन गेलेत, आधी मला यंत्र दाखवा. त्याने काही आडकाठी केली नाही. मागच्या बाजूला कारखान्याचा जुना कॉम्प्रेसर होता, गंजून लाल झालेला. त्याच्या मोठ्या चाकात चिमणीने घरटं केलं होतं, आणि घरट्यात पिल्लं होती.

खोली त्याच्या पुढे होती. जाड दार, त्याला तळहाताएवढी काच. आत भिंतींवर पांढरं चढलं होतं, आणि मध्ये एक माणूस उभा होता, पाठमोरा, हात खाली सोडून. चारुशीलाने कान दिला. पंख्याची घरघर नाही, पाइपातली सळसळ नाही. आत गेलेली माणसं थंडीने नाचतात, ओरडतात, असं तिने वाचलं होतं. हा माणूस हलतही नव्हता.

"गार हवा येते कुठून?" तिने विचारलं.

"येत नाय मॅडम," धवल म्हणाला. "इथे येत काहीच नाय. ऊब जाते फक्त."

हे तर शाळेच्या पुस्तकातलंच होतं. थंडी अशी वस्तू नसतेच, उष्णता निघून जाते. तरी तिने विचारलं, "जाते कुठे मग?"

धवल म्हणाला, "ते कोन विचारत नाय. दुखायचं थांबलं की झालं." आणि ती निघाली तेव्हा तो मागून रस्त्यापर्यंत आला. पहिल्यांदाच तो थोडा घाईत दिसला. "तुमच्या बाबांना सवला नका नेऊ. गरम पाण्यात नाय उतरायचं त्यांनी. येवढं पाळा."

चारुशीलाच्या मनात तिथेच लख्ख उजेड पडला. ज्याला हा माणूस भितो, तेच औषध.

सवची गरम पाण्याची कुंडं महाडपासून लांब नाहीत. सांधे धरले, वात आला, बाळंतिणीची कंबर भरून आली, की या भागातली माणसं आधी सवला जातात आणि मग डॉक्टरकडे. अंगात गारठा शिरला तर शेक घ्यायचा, हे चारुशीलाला कुणी शिकवलं नव्हतं. ते तिला श्वासासारखं ठाऊक होतं. शिवाय तिच्या माहेरची एक रीत होती. नवं भात घरात आलं की पहिले मूठभर तांदूळ फडक्यात बांधून सवच्या कुंडात बुडवायचे. त्या पुरचुंडीला दोघांनी हात लावायचा, घरातल्या पुरुषाने आणि बाईने. तांदूळ पाण्यात ऊबदार होऊन थोडे फुगतात. ते घरी आणून त्यांची पेज करायची आणि मगच नव्या भाताला हात घालायचा. आई होती तोवर आई आणि अण्णा जायचे. आई गेल्यावर तिची जागा चारुशीलाने घेतली होती.

यंदा अण्णांनी सवचं नावच काढलं नव्हतं.

रविवारी ती कापड्याला गेली. डोंगराच्या सावलीत गाव अजून गारठलेलं होतं, लोक कानाला फडकी बांधून शेकोटीजवळ बसले होते. दत्ताराम ओटीवर उघडे बसले होते. कणगी नव्या भाताने भरली होती, आणि तिच्यावरचं झाकण जसंच्या तसं होतं. गोठ्याजवळ डासांचा थवा भणभणत होता. चारुशीलाच्या पायांना ते येऊन चिकटले. बापाच्या उघड्या पाठीकडे एकही फिरकला नाही. आता तिला अगरबत्त्यांचं कोडं उलगडलं, आणि उलगडलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

तिने भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे बघून सहज म्हटलं, की आईला यंदाचं भात आवडलं असतं.

"चांगली होती बाई," दत्ताराम म्हणाले. गावातल्या कुणाबद्दल बोलावं तसे.

चारुशीलाने आणखी काही विचार केला नाही. तिला बाप परत हवा होता, बस. गुडघे दुखोत, आरडाओरडा करोत, पण तो हवा होता. कणगीतलं पसाभर भात तिने उखळात सडून घेतलं आणि तांदूळ फडक्यात बांधले. बापाला चला म्हटलं. ते उठले आणि निमूट निघाले.

सवला ऊन चांगलं वर आलं होतं. कुंडावर वाफ तरंगत होती. एका कडेला तीन-चार म्हातारे गळ्याएवढ्या पाण्यात डोळे मिटून बसले होते. पलीकडे बायका लुगडी गुडघ्यापर्यंत ओढून पाय सोडून बसल्या होत्या. गप्पा चालल्या होत्या, कुणाच्या तरी सुनेची निंदा रंगात आली होती. चारुशीलाला त्या आवाजांनीच धीर आला. तिने मनगटाचा पट्टा सोडला, साडी खोचली आणि बापाचा हात धरून पायऱ्या उतरली. पाणी चांगलं कढत होतं. तिच्या तोंडून हायसं वाटल्याचा आवाज निघाला.

"लागतंय का गरम?"

"कळत नाय," दत्ताराम म्हणाले.

ते कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले. दोघांनी पुरचुंडी धरली आणि पाण्याखाली नेली. बापाची गार बोटं तिच्या बोटांवर होती.

आधी वाफ गेली. अण्णांच्या भोवतीची, मग तिच्या भोवतीची, मग पलीकडची.

बायकांच्या गप्पा थांबल्या. "पानी निवलं काय गो?" कुणीतरी हळूच विचारलं.

दत्तारामांचा हात थरथरला.

मग खांदे. मग दात वाजायला लागले. कित्येक दिवसांत पहिल्यांदा तो म्हातारा थंडीने कुडकुडत होता, आणि त्याच्या गालांवर रंग चढत होता. बोटं ऊबदार झाली. चारुशीलाला ती कळत होती, आपल्या बोटांवर, शेगडीवरून उचललेल्या भांड्यासारखी.

"आई गं," दत्ताराम कण्हले. "गुडघे मोडले माजे." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी वळून मुलीकडे पाहिलं, नीट, डोळे भरून, फार लांबून घरी आलेला माणूस बघतो तसं.

"बाय. जेवलीस काय गो?"

याच्यासाठीच तर ती आली होती. चारुशीला आनंद व्हायची वाट बघत उभी राहिली.

पाणी विहिरीच्या पाण्यासारखं गार झालं होतं. तरी कुंडातून कुणी बाहेर पडलं नव्हतं. कुणी ओरडलं नव्हतं, कुणी तक्रार केली नव्हती. एक म्हातारा खांदा गोल फिरवून बघत होता. पलीकडे एक म्हातारी पाण्यातून गुडघा वर घेत होती, खाली सोडत होती, पुन्हा वर घेत होती. सुनेची गोष्ट अर्धी राहिली होती आणि ती कुणालाच पुरी करायची नव्हती.

महाडला पोचल्यावर दत्तारामांना जिना चढवेना. बाळने त्यांना जवळजवळ उचलूनच वर नेलं. म्हातारा प्रत्येक पायरीला कण्हत होता, जावयाला शिव्या देत होता, आणि बाळ आनंदाने हसत होता. मलम हवं होतं. रविवारचं दुकान बंद होतं. बाळ किल्ली घेऊन खाली आला तोवर चारुशीलाने शटर वर केलं होतं. उजव्या हाताने, एका दमात.

"मनगट?" बाळने विचारलं.

"काय झालं मनगटाला?" ती म्हणाली.

वर येऊन तिने पुरचुंडी ताटलीत ठेवली, तर दगड ठेवल्यासारखा आवाज झाला. फडकं ताठ झालं होतं. आतले तांदूळ फुगले नव्हते, एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झाला होता, आणि त्याच्यावर बारीक पांढरं चढलं होतं. बाळने तो गोळा दोन बोटांनी उचलला आणि लगेच टाकला. सावलीत ठेवलेला तो गोळा संध्याकाळपर्यंत वितळला नव्हता.

दिवेलागणीला डास आले. बाळ पायांवर चापट्या मारत होता, दत्ताराम धोतर घोट्यापर्यंत ओढून बसले होते. चारुशीलाने वडिलांच्या गुडघ्यांना मलम लावायला घेतलं, तेव्हा तिचा हात लागताच त्यांनी पाय मागे घेतला. मग त्यांनी पाय पुन्हा पुढे केला आणि ते तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. बाळने चहा केला. उकळून उकळून लाल झालेला, म्हाताऱ्याला आवडतो तसा. तीन कप त्याने मध्ये ठेवले.

"जेवलीस काय गो बाय?" दत्तारामांनी पुन्हा विचारलं. आता त्यांचा आवाज फाटला होता.

चारुशीलाला प्रश्न ऐकू आला. उत्तर द्यायला काही हरकत नव्हती. फक्त हा माणूस तेच तेच का विचारतोय, आणि विचारताना रडतोय का, एवढं तिला कळत नव्हतं. ती म्हणाली, "बरं." आणि तिने आपला कप खाली ठेवला.

बाळच्या चहातून अजून वाफ निघत होती. दत्तारामांनी मुलीचा कप स्वतःकडे ओढला. तो दोन्ही हातांत धरला आणि ती लहान असताना घालायचे तशी त्याच्यावर हळूहळू फुंकर घालू लागले.

कप केव्हाच रिकामा झाला होता.